विश्लेषण : दूषित जमिनीचा धोका मोजणारे सॉफ्टवेअर का रखडते?

साकोली हे मुंबई-कोलकाता महामार्गावरचे गाव. रस्त्याच्या कडेला पेट्रोल पंप, गॅरेज आणि त्यांना लागूनच धानाच्या बांध्या, विहिरी, तलाव. समजा, अशा ठिकाणी जमिनीखालची जुनी पेट्रोल टाकी अनेक वर्षे झिरपत राहिली, तर मातीत उतरलेल्या बेन्झीनचा शेजारच्या घरांना किती धोका? हे गणित आता संगणकावर होते. अडचण अशी, की अनेकदा तो संगणकच तासभर जागचा हलत नाही.

घाई कशाची?

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळ व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी कळवायची आहे. त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक मूल्यांकन आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. मुदतीचे घड्याळ चालू असताना फाइल अडकली, की घाईने काटछाट होते. खरा धोका तिथे आहे.

फाइल अडते कुठे?

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचे 'सीएलईए' हे मोफत साधन मुळात मॅक्रो असलेली एक्सेल फाइल आहे. माती पोटात जाणे, त्वचेला लागणे, धूळ आणि वाफ श्वासात जाणे, परसातली भाजी खाणे असे मार्ग ती प्रत्येक रसायनासाठी आणि वेगवेगळ्या वयोगटांसाठी मोजते. सुरक्षित पातळी सापडेपर्यंत तेच गणित पुन्हा पुन्हा फिरते. एक्सेलचे मॅक्रो एका वेळी प्रोसेसरचा एकच गाभा वापरतात, म्हणून आठ गाभ्यांचा महागडा लॅपटॉप घेऊनही फारसा फरक पडत नाही.

काही वेळा तर संगणक संथ नसतोच. २०२२ पासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधील मॅक्रो ऑफिस आपोआप अडवते आणि बटण दाबूनही काहीच घडत नाही. फाइल अधिकृत संकेतस्थळावरची असेल, तरच तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'अनब्लॉक' करावे. फाइल पेनड्राइव्ह किंवा क्लाउडच्या फोल्डरमधून न चालवता संगणकावर उतरवून घ्यावी. एक कारण तर कोणाच्या ध्यानातही येत नाही : प्रिंटर. पानाची मांडणी ठरवताना एक्सेल निवडलेल्या प्रिंटरला विचारते. तो नेटवर्कवरचा आणि बंद असेल, तर एक्सेल उत्तराची वाट पाहत बसते. अशा वेळी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा प्रिंटर निवडून पाहावा.

विहिरीचे गणित वेगळे

विहिरीच्या पाण्याला किती धोका, हे सीएलईए सांगत नाही. त्यासाठी 'कॉनसिम'सारखी साधने लागतात. ती 'मॉन्टे कार्लो' पद्धत वापरतात, म्हणजे मातीची सच्छिद्रता, पाण्याचा वेग अशा अनिश्चित आकड्यांच्या शक्यता घेऊन तेच गणित हजारो वेळा करतात. फेऱ्या १ हजारावरून १० हजार केल्या, तर वेळ दहापट लागतो आणि अचूकता जेमतेम तिप्पट होते. म्हणून चाचणीसाठी ५०० फेऱ्या पुरतात. पूर्ण फेऱ्या शेवटी, सगळे आकडे तपासून झाल्यावर, रात्री लावाव्यात. लॅपटॉपला चार्जर जोडून ठेवावा आणि 'स्लीप' बंद करावे, नाहीतर सकाळी काम अर्ध्यावरच थांबलेले दिसते.

वेग वाढवताना काय चुकते?

सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे एक्सेलची आपोआप आकडेमोड बंद करणे. त्याने वेग वाढतो, पण नंतर एफ९ दाबायचे राहिले, तर नवा नमुना भरूनही उत्तर जुनेच दिसते आणि तेच अहवालात जाते. फाइल हलकी करण्यासाठी नमुने कमी करणे तर त्याहून वाईट. टाकीच्या अगदी शेजारचा एक नमुना गाळला किंवा सगळ्यांची सरासरी काढली, तर सर्वांत विषारी कोपराच कागदावरून पुसला जातो. त्याऐवजी रसायने गटागटाने चालवावीत आणि प्रत्येक गटाची फाइल वेगळी ठेवावी.

संगणक कितीही वेगवान केला, तरी एक उणीव उरतेच. सीएलईएमध्ये पालेभाज्या, मुळे, कंद आणि फळे असे गट आहेत, धान नाही. आकडे इंग्लंडच्या परसबागेचे आहेत. साकोलीसारख्या भागात ते वापरताना भात किती खाल्ला जातो आणि पाणी कोणत्या विहिरीचे प्यायले जाते, ही माहिती गावात जाऊनच गोळा करावी लागेल.