घरातलं दुकान आणि शंभर मीटर

मार्कंडा (ता. चामोर्शी) इथं घरातच नारळ-बेलफुलाचं दुकान काढायचं, तर ग्रामपंचायतीइतकंच अंतरही पाहावं लागतं. वैनगंगेकाठचा मंदिरसमूह केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८च्या स्मारक कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र. त्यापुढचे २०० मीटर विनियमित. मोजणी हद्दीपासून होते, शिखरापासून नव्हे. वाद बहुधा इथंच होतात!

या कायद्याचा रोख धंद्यावर नाही, बांधकामावर आहे. जुन्या ओसरीत टोपली मांडून बसलात, तर तो आड येत नाही. मात्र गिऱ्हाईक उन्हात उभं राहतं म्हणून ओसरीपुढं पक्की टिनाची शेड वाढवली, की ते बांधकाम ठरतं. पहिल्या शंभर मीटरांत त्याला परवानगीच नाही. १६ जून १९९२पूर्वीच्या घराची दुरुस्ती करता येते, पण आधी सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज हवा. विनियमित पट्ट्यात नवं बांधकामही परवानगीनं होतं. नियम मोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चार पत्र्यांसाठी हे फारच महाग. महाशिवरात्रीच्या जत्रेआधी विनियमित पट्ट्यात शेड ठोकण्याची घाई असणाऱ्यांनी अर्ज पावसाळ्यातच केलेला बरा.