हृदय-फुप्फुस यंत्रातील द्रव

हृदयावर शस्त्रक्रिया चालू असता रक्ताभिसरणाचे कार्य यंत्राकडे सोपविता येते. १९५३ साली फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी ते प्रथम यशस्वी केले. यंत्राच्या नळ्यांतील हवा मेंदूत गेल्यास प्राणघातक ठरेल. म्हणून त्या आधीच द्रवाने भरतात. पूर्वी यासाठी दात्यांचे रक्त लागे. आता प्रौढांकरिता बहुधा १ ते १.५ लिटर क्षारद्रावण वापरतात. त्यामुळे रक्त पातळ होऊन थंड केलेल्या शरीरातही सुलभतेने वाहते. परंतु ते अतिशय पातळ झाल्यास प्राणवायूचा पुरवठा घटतो आणि पाणी ऊतींत झिरपून सूज येते. अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. मात्र ते महाग असते. म्हणून रोग्याची शरीरयष्टी व रक्तातील हीमोग्लोबिन पाहूनच द्रव व त्याचे प्रमाण ठरवितात.