एक मत, अनेक समभाग

भारतात प्रत्येक प्रौढ नागरिकाला एकच मत असते. उद्योगपतीला दोन नसतात आणि शेतमजुराला अर्धे नसते. कंपनीच्या निर्णयांत मात्र मतांची मोजणी माणसांवरून नव्हे, तर समभागांवरून होते. राजकीय सत्ता आणि आर्थिक सत्ता यांतील मूळ फरक हाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच विसंगतीकडे लक्ष वेधले होते : राजकारणात समता येईल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता कायम राहील.

कायदा करणे, कर बसविणे, मालमत्ता ताब्यात घेणे हे अधिकार केवळ राज्यसंस्थेचे. १९ जुलै १९६९ रोजी एका अध्यादेशाने देशातील १४ मोठ्या खासगी बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या. कितीही मोठ्या धनिकाला असे करता येणार नाही. त्याचे बळ निराळे आहे. कारखाना कोठे काढायचा, कोठला बंद करायचा, कोणाला काम द्यायचे, हे तो ठरवतो आणि त्यासाठी त्याला दर पाच वर्षांनी कोणाचा कौल मागावा लागत नाही.

खरी अडचण एक सत्ता दुसरीला विकत घेऊ लागते तेव्हा उद्भवते. राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात यासाठी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात बदल करण्याची परवानगी मागितली, ते प्रकरण १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यात मनाई नसल्याने परवानगी दिली. मात्र या प्रथेतून लोकशाहीला धोका संभवतो, असा इशाराही दिला. संसदेने पुढे १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी घातली आणि १९८५ मध्ये ती उठवली. बंदीच्या काळात पैसा थांबला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तो हिशेबाच्या वहीबाहेरून वाहत राहिला.

२०१३ च्या कंपनी कायद्याने देणगीची कमाल मर्यादा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ठरवली. २०१७ मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि २०१८ पासून निवडणूक रोख्यांमुळे देणगीदाराचे नाव मतदारापासून झाकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ही योजना आणि अमर्याद देणग्यांची मुभा, दोन्ही घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे कळणे मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भाग आहे, हा या निकालाचा गाभा. देणगी देऊन धोरण वळविण्याची कंपनीची क्षमता सामान्य नागरिकाहून कितीतरी अधिक असते, हेही न्यायालयाने नोंदवले.

एक दार तरीही उघडेच आहे. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. त्याच्या पक्षाने निवडणुकीवर किती खर्च करावा, याला मात्र कायद्यात कोणतीही मर्यादा नाही.