चाकांची गोष्ट, लेखांक ६ : गोटा टायर आणि मस्कतची हवा

मस्कतच्या आग्नेयेला समुद्रकाठी कुरियात नावाचे गाव आहे. जून २०१८ मध्ये एकदा तिथे सलग चोवीस तास पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. रात्रीसुद्धा. अशा देशातला बाइकवाला ट्रॅकसाठी टायर घ्यायला गेला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढ्या उन्हात मऊ रबर टिकेल का?

प्रश्न रास्त आहे, पण थोडा चुकीच्या टोकाने धरलेला. आखातातले ट्रॅक-डे मुख्यतः हिवाळ्यात होतात. शिवाय ट्रॅकवर टायर तापतो तो उन्हापेक्षा स्वतःच्या कसरतीने. ब्रेक, वळण, पुन्हा रेस, आणि दर फेरीत रबर दाबले जाते, ताणले जाते. ही उष्णता किती सोसायची, यावरच टायरची जात ठरते.

पहिली जात रस्त्यावरच्या स्पोर्ट टायरची. पिरेलीचा डियाब्लो रोसो, मिशलिनचा पॉवर, ब्रिजस्टोनचा बॅटलॅक्स हे त्यातले. बहुतेकांना मधे कडक आणि कडेला मऊ असे दोन प्रकारचे रबर असते. दुसरी जात सुपरकोर्सासारख्यांची : नक्षी नावापुरती, पण रस्त्यावर चालवायला परवानगी. तिसरी जात स्लिक. आपल्याकडे झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला ‘गोटा झाला’ म्हणतात. हा जन्मतःच गोटा. कोरड्या डांबरावर नक्षी नसलेलीच बरी, जास्त रबर जमिनीला लागते. मात्र स्लिक नीट पकडतो तो चांगला तापल्यावर, म्हणून त्याला आधी विजेची दुलई गुंडाळून ठेवतात. दुलई आली की जनरेटर आला, सुटे रिम आले, गाडी न्यायला ट्रेलर आला. पहिल्या वर्षी हा संसार मांडू नका. ज्याच्या मागच्या टायरच्या कडेला अजून बोटभर कोरी पट्टी शिल्लक आहे, त्याला स्लिक कशाला हवा?

आता हवा. बऱ्याच सुपरबाइकच्या पुस्तिकेत रस्त्यासाठी पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय लिहिलेले असते. ट्रॅकवर ती कमी करतात, कारण आतली हवा दर १० अंशांना साधारण दीड ते दोन पीएसआय फुगते. सकाळी २५ अंशांना ३० भरलेली हवा आत ६० अंशांवर गेली, की ३५ होते. टायर फुगतो, जमिनीला कमी टेकतो आणि घसरायला लागतो. म्हणून ‘थंड’ आकडा एवढाच सांगून भागत नाही. मस्कतमध्ये दुपारी उन्हात उभ्या गाडीचा ‘थंड’ टायर थंड नसतोच. पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा आणि कंपनीने सांगितलेल्या गरम आकड्याशी ताडून पाहा. त्यासाठी खिशात स्वतःचा गेज हवा; पेट्रोल पंपावरच्या काट्यावर माझा तरी भरवसा नाही.

मला हा धडा उशिरा मिळाला, आणि दुसराही. वादी कबीरच्या एका दुकानात मी सवलतीत मागचा टायर घेतला. नवा कोरा, केस तसेच. साइडवॉलवरचे चार आकडे घरी आल्यावर वाचले : १४१९. म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. टायर साडेचार वर्षांचा निघाला. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत गाडी झोपवताना मागचे चाक असे सरकले, की पोटात गोळा आला. गोदामातल्या उकाड्यात रबर न चालवताही म्हातारे होते. तेव्हापासून किमतीआधी मी ते चार आकडे वाचतो.

मस्कत विमानतळाजवळच्या मस्कत स्पीडवेवर कार्टिंग छान होते, पण मोठ्या बाइकला तिथे पाय पसरायला जागा नाही. त्यामुळे मंडळी सुमारे साडेचारशे किलोमीटर गाठून ५.३९ किलोमीटरच्या दुबई ऑटोड्रोमला जातात. सरळ महामार्गावर टायर मधेच झिजून चौकोनी होतो, आणि अशा टायरवर गाडी वळणात अडखळत पडते. जमल्यास गाडी ट्रेलरवर घाला. स्वतः चालवत परतणार असाल, तर निघण्याआधी हवा पुन्हा पुस्तिकेतल्या आकड्याला भरा. संध्याकाळच्या घाईत नेमके तेच राहून जाते.

पुढच्या आठवड्यात सस्पेन्शन.