टेकडीच्या पोटातलं पाणी

जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात आणि २६ जुलै २००५ रोजी साकीनाक्याला टेकडी वस्तीवर कोसळली; दोन्हीकडे साठाहून अधिक माणसं गेली. २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाऊस हे कारण नाही असं कोण म्हणेल? पण त्याच पावसात उपनगरातल्या कितीतरी टेकड्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणून पाऊस किती पडला याइतकंच मातीत पाणी किती कोंडलं, हेही पाहायला हवं. नुसत्या ओलसर मातीचे कण एकमेकांना धरून असतात. पोकळ्या गच्च भरल्या की तेच पाणी कणांना दूर रेटतं, घर्षण घटतं आणि उतार सुटतो. भाकरीच्या पिठात पाण्याचा हात जरा जड झाला की गोळा पसरतो, तसंच हे. सुटलेल्या उताराचा लोंढा बहुधा निम्म्याहून अधिक दगडमातीचा असूनही मोठाले धोंडे पुढे ढकलत वाहतो, कारण आतल्या पाण्याचा दाब लगेच ओसरत नाही. पाणी आणखी वाढलं, तर उरतो गढूळ पूर. धोंडे मागे पडतात.

संरक्षक भिंत बांधली की झालं, असं अनेकांना वाटतं. भिंत हवीच, पण पाणी निघायला ठेवलेली तिची भोकं चिखलाने बुजली, तर मातीच्या जोडीला तुंबलेल्या पाण्याचाही रेटा तिच्यावर येतो. वरच्या घरांचं सांडपाणी आणि फुटक्या नळांचं पाणी उतारात मुरत असेल, तर पहिल्या पावसाआधीच पोकळ्या भरू लागतात. माथ्यावरचं पाणी बाजूला नेणारा चर, पक्की गटारं आणि मे महिन्यात साफ केलेली भोकं, यांवरचा खर्च नव्या भिंतीच्या आधी व्हायला हवा.