टचपॅड बिथरला, दोष कुणाचा?

शनिवारी रात्री लॅपटॉपने नवी आवृत्ती तयार असल्याचा निरोप दिला, घरातल्या कुणीतरी होकाराचे बटण दाबले आणि रविवारी सकाळी पाहावे तो यंत्राचे वागणेच पालटलेले. बोट नुसते टेकवले तरी क्लिक होते. चार ओळी टाइप कराव्यात, तर पाचवी ओळ भलत्याच परिच्छेदात जाऊन बसते. दोन बोटांनी पान खाली सरकवायला जावे, तर अक्षरेच मोठी होतात. पडद्यावरचा बाण कुठे पळेल याचा नेम राहत नाही.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात ही तक्रार अलीकडे बरीच ऐकू येण्याचे एक कारण उघड आहे. जुलै 2015 मध्ये आलेल्या विंडोज 10 या ऑपरेटिंग सिस्टिमचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. त्यामुळे ज्यांनी इतकी वर्षे चालढकल केली होती, त्यांनाही विंडोज 11 कडे वळावे लागले. पाच-सहा वर्षे वापरलेल्या लॅपटॉपवर नवी सिस्टिम चढली आणि टचपॅडचे नखरे सुरू झाले.

वरवर पाहता ही किरकोळ कटकट. पण या शहरांत अनेक घरांचे पोटच लॅपटॉपवर आहे. शाळाही कधी त्याच्यावर येऊन पडते. नोव्हेंबर 2024 मध्ये हवेतील प्रदूषण इतके वाढले, की दिल्लीतल्या शाळांचे वर्ग ऑनलाइन घ्यावे लागले. अशा वेळी एकच लॅपटॉप आई, बाबा आणि मुले आळीपाळीने वापरतात. बँकेच्या पानावर पैसे पाठवताना बाण सटकला, किंवा अर्धवट लिहिलेला राजीनामा साहेबांना रवाना झाला, तर मग ती कटकट किरकोळ राहत नाही.

टचपॅडला बोट कसे कळते?

बहुतेकांचा समज असा, की टचपॅड दाब ओळखतो. तसे नसते. त्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली बारीक विद्युतवाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. आपले शरीर विजेचे वाहक असल्याने बोट जवळ आले, की जाळीच्या त्या भागातील विद्युतधारकता किंचित बदलते. हा बदल अतिशय सूक्ष्म असतो. आतली चिप तो सेकंदाला अनेक वेळा मोजते आणि एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की 'इथे बोट आहे' असा निर्णय देते.

ही युक्ती लॅपटॉपमध्ये रुळली ती 1990 च्या दशकात. त्याआधी बऱ्याच लॅपटॉपवर अंगठ्याने फिरवायचा छोटा चेंडू असे. 1994 मध्ये अ‍ॅपलने पॉवरबुक 500 या मालिकेत टचपॅड बसवला आणि हळूहळू चेंडू मागे पडला. टचपॅड बनवणाऱ्यांतील एक मोठे नाव म्हणजे सिनॅप्टिक्स. ही कंपनी 1986 मध्ये फेडेरिको फॅगिन आणि कार्व्हर मीड यांनी काढली. 1971 साली आलेल्या इंटेलच्या 4004 या पहिल्या व्यावसायिक मायक्रोप्रोसेसरच्या घडणीत प्रमुख वाटा असलेले ते हेच फॅगिन.

चिपने 'बोट आहे' म्हटले, तरी ते बोट हेतुपुरस्सर ठेवले की टाइप करताना तळहात चुकून टेकला, हे ओळखणे वेगळेच काम आहे. ते काम ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टिम मिळून करतात. घोळ होतो तो बहुधा याच टप्प्यावर.

अपग्रेडने काय बदलते?

जुन्या लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या उत्पादकाने स्वतःचा ड्रायव्हर आणि स्वतःचा सेटिंगचा फलक दिलेला असे. तळहात किती ओळखायचा, टॅप किती हलका चालेल, कडेला किती जागा बधिर ठेवायची, हे सारे तिथे ठरवता येई. अपग्रेडमध्ये कधी हा ड्रायव्हर बदलला जातो, कधी त्याच्या जागी विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर येतो आणि वापरणाऱ्याने वर्षानुवर्षे जुळवलेल्या आवडीनिवडी पुसल्या जातात. टचपॅड तोच असतो, मात्र त्याच्या स्पर्शाचा अर्थ लावणारा बदललेला असतो.

हे एकट्या विंडोजचे दुखणे नाही. फुकट मिळणाऱ्या उबंटू या लिनक्स प्रणालीत 2018 च्या 18.04 या आवृत्तीत टचपॅडसाठी जुन्या ड्रायव्हरऐवजी लिबइनपुट ही नवी व्यवस्था आली. तेव्हा उजव्या कोपऱ्यात दाबून उजवी क्लिक करण्याची सवय असलेल्यांना अचानक दोन बोटे टेकवावी लागली. यंत्र बिघडले नव्हते. पण बऱ्याच जणांना ते बिघडल्यासारखेच वाटले.

म्हणून पहिला उपाय सेटिंगमध्ये शोधावा. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज उघडून 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि त्यात 'टचपॅड' या ठिकाणी जावे. तिथे 'टॅप्स' या भागात संवेदनशीलतेच्या चार पायऱ्या दिसतात: सर्वाधिक, जास्त, मध्यम आणि कमी. ती 'कमी'वर आणून दहा मिनिटे टाइप करून पाहावे. टायपिंग चालू असताना होणारे ओझरते स्पर्श किती वगळायचे, हेही याच पायरीवरून ठरते. त्यामुळे ओळी इकडेतिकडे उडत असतील, तर इथेच निम्मे काम होते. तेवढ्याने भागले नाही, तर एका बोटाच्या टॅपने होणारी क्लिक बंद करून टाकावी. मग क्लिकसाठी टचपॅड खरोखर दाबावा लागतो. आठवडाभर हाताला ते विचित्र वाटते, पण ज्येष्ठांच्या थरथरत्या बोटांसाठी यासारखा सोपा इलाज नाही. बाणाचा वेग ही निराळी गोष्ट आहे. वेग कमी केल्याने नको असलेल्या क्लिक थांबत नाहीत, आणि बरेच जण नेमके तेवढेच करून थांबतात.

सेटिंगचे हे पान अगदीच त्रोटक दिसत असेल, तर योग्य ड्रायव्हर चढलेलाच नाही असे समजावे. लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचा नेमका क्रमांक टाकून टचपॅडचा ड्रायव्हर घ्यावा. 'सगळे ड्रायव्हर एका झटक्यात' देण्याचे आमिष दाखवणाऱ्या प्रोग्रॅमांच्या वाटेला जाऊ नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण चालू दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर परत आणता येतो. आणि नव्या सिस्टिमशी काही केल्या पटत नसेल, तर अपग्रेडनंतर साधारण 10 दिवसांपर्यंत 'रिकव्हरी'मधून आधीच्या आवृत्तीवर परतण्याची सोय असते. मात्र विंडोज 10 वर परतणे म्हणजे सुरक्षेचा नेहमीचा आधार नसलेल्या घरात पुन्हा राहायला जाणे, हे ध्यानात ठेवावे.

चार्जर काढून पाहा

सेटिंग बदलूनही फरक पडत नाही, अशा वेळी एक साधी परीक्षा करावी. चार्जरची वायर लॅपटॉपमधून काढावी आणि बॅटरीवर पाच मिनिटे काम करावे. बाण लगेच शहाण्यासारखा वागू लागला, तर अपग्रेडवरचा आळ खोटा. दोष घराच्या भिंतीत आहे.

टचपॅड मोजतो ते बदल इतके बारीक असतात, की विजेतील गोंगाटही त्याला बोटासारखा भासू शकतो. तीन पिनांच्या चार्जरमधील जाड पिन ही अर्थिंगची. गोंगाट जमिनीत जिरवणे हे तिच्या कामांपैकी एक. घरातील अर्थिंगची तार तुटलेली असेल, किंवा मुळात जोडलेलीच नसेल, तर हा गोंगाट लॅपटॉपच्या अंगावर येतो. धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवताना बारीक मुंग्या आल्यासारखे वाटते, ते याचेच लक्षण. जुन्या वस्त्यांतील मजल्यांवर भाड्याने राहणाऱ्यांना तीन भोके असलेला सॉकेट दिसतो, पण मागे तार दोनच असतात. त्यावर कुणी तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत घुसवतो, कुणी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर टीव्ही, कूलर आणि लॅपटॉप लावतो.

इलाज लॅपटॉपच्या दुकानात नाही, वायरमनकडे आहे. अर्थिंग तपासून घ्यावे. तो खर्च टचपॅडपुरता नसतो. गिझर, वॉशिंग मशीन आणि फ्रिज यांच्या शॉकपासून घर वाचवणारी तारही तीच. घरमालक टाळाटाळ करत असेल, तर हा मुद्दा त्याच्यापुढे ठेवावा. बाण पळतो म्हणून सांगितले, तर तो हसेल. मूळ कंपनीच्या जागी स्वस्तातला चार्जर घेतला असेल, तर ओळखीच्यांकडून मूळ चार्जर आणून एकदा तुलना करावी.

बोटांचीही थोडी चौकशी करायला हवी. ओल्या हातांनी किंवा थंडीत क्रीम चोपडलेल्या बोटांनी टचपॅड वापरला, की त्याचा गोंधळ उडतो. लॅपटॉप बंद करून किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसावा आणि कोरडा करावा, एवढे पुरते.

जिथे वेळ दवडू नये

सर्वांत गंभीर कारण शेवटी लक्षात येते, आणि ते आधी यायला हवे. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी बहुधा तळहात टेकतो त्या भागाखाली आणि टचपॅडच्या खाली पसरलेली असते. लिथियमची बॅटरी जुनी झाली, तापली किंवा सदोष निघाली, तर तिच्या आत वायू तयार होऊन ती फुगते. फुगलेली बॅटरी टचपॅडला खालून रेटते. मग बोट न लावता क्लिक होऊ लागतात, किंवा टचपॅड दाबलाच जात नाही. योगायोगाने त्याच आठवड्यात अपग्रेड झालेले असेल, तर सगळा ठपका त्याच्यावर जातो आणि घरचे लोक महिनाभर सेटिंग बदलत बसतात.

दिल्लीच्या हवामानात ही भीती जास्त. मे 2024 मध्ये इथे पारा 46 अंशांच्या वर गेला होता. अनेक उत्पादक मात्र लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्याचा सल्ला देतात. उन्हात उभ्या मोटारीत राहिलेला, गादीवर ठेवून तासन्‌तास चालवलेला किंवा कायम चार्जरला जोडून ठेवलेला लॅपटॉप असेल, तर बॅटरीवर ताण आलेलाच असतो.

ओळखण्यासाठी काही उघडावे लागत नाही. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवावा. तो डुगडुगतो का? टचपॅडची एक कड वर उचललेली दिसते का? झाकण मिटल्यावर फट राहते का? यातले एक जरी असेल, तर लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि पुन्हा जोडू नये. फुगवटा दाबून बसवण्याचा किंवा टाचणीने वायू काढण्याचा प्रयत्न कुणीही करू नये. बॅटरीला भोक पडले, तर ती पेट घेऊ शकते. लॅपटॉप पलंगापासून, पडद्यांपासून दूर ठेवून तो अधिकृत सेवा केंद्रात न्यावा. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकायची नसते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे ती सेवा केंद्रातच सोपवावी.

नेहरू प्लेस आणि फोनवरचे 'इंजिनिअर'

हमीचा काळ संपलेला असेल, तर दिल्लीकरांची पावले नेहरू प्लेसकडे वळतात. दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेले हे व्यापारी संकुल गेली कित्येक वर्षे संगणकांचा बाजार म्हणून देशभर ओळखले जाते. मेट्रोच्या व्हायोलेट मार्गावरून उतरले, की पायऱ्यांपासूनच 'लॅपटॉप रिपेअर?' अशी हाक सुरू होते. इथे उत्तम कारागीर आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पायरेटेड सॉफ्टवेअरमुळे या बाजाराचे नाव अमेरिकी सरकारच्या बदनाम बाजारांच्या यादीतही आले आहे. म्हणून दुरुस्ती आपल्यासमोर करून घ्यावी, 'फॉरमॅट मारतो' हा पहिला उपाय मान्य करू नये आणि आधी डेटाची प्रत काढून ठेवावी. टचपॅड बदलायचा म्हटले, तर बॅटरी सपाट आहे ना, हे उघडलेल्या लॅपटॉपमध्ये स्वतः पाहावे. फुगलेल्या बॅटरीवर नवा टचपॅड बसवला, तर काही दिवसांत तोही तसाच बिथरतो. तोवर काम अडू नये म्हणून साधा वायरचा माउस जोडावा, आणि सेटिंगमध्ये 'माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा' या पर्यायावरची खूण काढावी.

याहून मोठा धोका घरबसल्या येतो. टचपॅड बिघडला, म्हणून मदतीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधला जातो आणि पहिला दिसेल तो लावला जातो. या भागाला त्या धंद्याचा कलंकच आहे. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून नोएडा आणि गुरुग्राम इथे 16 बनावट कॉल सेंटरांवर पोलिसांचे छापे पडले. त्याच्या आदल्या महिन्यात दिल्लीतही असेच 10 अड्डे सापडले होते. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने केलेल्या मोहिमेतही मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या नावाने चालणारी अशी केंद्रे होती. त्यांचे सावज मुख्यतः परदेशातले असले, तरी पद्धत सगळीकडे एकच. 'मी कंपनीचा इंजिनिअर बोलतोय' असे सांगून तुमचा लॅपटॉप दुरून चालवण्याचा प्रोग्रॅम उतरवायला लावतात. मग पडद्यावरचा बाण खरोखरच दुसऱ्याच्या हातात जातो. तो टचपॅडपाशी थांबत नाही, बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो.

मदतीचा नंबर लॅपटॉपच्या खोक्यावरून, पावतीवरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या धोक्याच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. असा कुणी लॅपटॉपमध्ये शिरला असेल, तर आधी इंटरनेट तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.