भीमगीतांचे सोन्याचे साल कोणते?

वर्षावासात आमच्या भागातील विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. मागच्या वर्षावासातील गोष्ट. वाचन आटोपले, सरणत्तयं झाले आणि नेमका पाऊस सुरू झाला. आमचे अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे अहमदनगर, पावसाच्या बाबतीत तसे कंजूष. पण त्या दिवशी तासभर कोणाला बाहेर पडता आले नाही. आमच्या पुतण्याने मोबाइलवर भीमगीत लावले आणि त्यावरून वाद पेटला : भीमगीतांचे सर्वांत भारी साल कोणते?

असे वाद सगळीकडेच चालतात. इंग्रजी गाण्यांचे शौकीन १९६७ साल थोर की १९७१, यावर हमरीतुमरीवर येतात. जुन्या हिंदी सिनेमाची मंडळी पन्नासचे दशक सोडायला तयार नसतात. मग आम्हीच का मागे राहावे?

ऐंशी ओलांडलेल्या एका बाबांनी ठामपणे १९५६ सांगितले. “दीक्षेच्या साली जे गाणं झालं, ते पुन्हा झालं नाही. आणि सहा डिसेंबरनंतर जे झालं, ते ऐकायला काळीज लागतं.” निवृत्त गुरुजींचे मत नामांतराच्या बाजूने. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. “मधली सोळा वर्षं एकच साल धरा,” असे गुरुजी म्हणाले, तेव्हा सगळे हसले. पुतण्या म्हणाला, “काका, आता एका जयंतीला जेवढी गाणी येतात, तेवढी तुमच्या दहा वर्षांत आली नसतील.” आम्ही मात्र १९९१ ला अडून बसलो.

वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि त्यात कारकून, म्हणून आम्हांला जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पण इथे पहिल्याच खात्यावर घोटाळा झाला. ‘गाणे निघाले’ म्हणजे नेमके काय? वामनदादा कर्डकांचेच घ्या. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव. १९४३ पासून ते गीते लिहीत होते, गावोगाव फिरून गात होते. त्यांचा ‘वाटचाल’ हा गीतसंग्रह आला १९७३ मध्ये. म्हणजे तीस वर्षे त्यांचे गाणे लोकांच्या तोंडी होते आणि पुस्तक नव्हते! बाजारात काय आले एवढेच मोजले, तर १९५६ च्या खात्यात फारसे काही जमा होणार नाही. जलशांचेही तसेच. भीमराव कर्डकांच्या जलशाने एका रात्रीत गाव जागे केले, त्याची पावती कोणत्या कंपनीने फाडली?

पुढे तबकड्या आल्या. पण ग्रामोफोन आमच्या वस्तीत कोणाकडे असणार? तबकडी असायची लाउडस्पीकरवाल्याकडे. जयंतीला किंवा लग्नाला तो येई, कर्णा झाडाला बांधी, तेव्हा गाणे वाजे; तो गेला की गाणेही त्याच्या पेटीत बंद होऊन जाई.

हे चित्र कॅसेटने बदलले. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्येच काढली होती. पण आपल्याकडे तिचा सुळसुळाट झाला तो ऐंशीच्या दशकात. तोवर तबकड्यांच्या धंद्यात एचएमव्हीचा एकछत्री अंमल होता. टी-सिरीज १९८३ मध्ये सुरू झाली, व्हीनस आली, पाठोपाठ छोट्या छोट्या कंपन्या उगवल्या. कॅसेट भरायला मोठे भांडवल लागत नव्हते. जे गाणे मोठ्या कंपनीच्या दारात उभे राहिले नसते, ते आता टपरीवर दोरीला टांगलेले दिसू लागले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचा आवाज पिशवीत घालून घरी नेता येऊ लागला.

प्रल्हाद शिंदेंविषयी आमच्यातले काही जण कुरकुर करीत. ज्या गळ्यातून बाबासाहेब, त्याच गळ्यातून पंढरीचा विठ्ठल कसा, हा त्यांचा सवाल. बावीस प्रतिज्ञा आम्हीही घेतल्या आहेत. तरी आमचे मत असे, की गाण्यावर पोट असलेल्या माणसाचा हिशेब पोटभर जेवलेल्याने करू नये. शिवाय भक्तिगीतांमुळे हा आवाज ज्या घरांत शिरला, त्या घरांत भीमगीत एरवी कधी ऐकले गेले असते?

आता १९९१ च का, ते सांगतो. १९९० मध्ये बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले आणि १४ एप्रिल १९९१ ला जन्मशताब्दी झाली. डिसेंबर १९९० मध्ये वडील चैत्यभूमीवरून परतले, ते एक पंचांगाएवढे कॅलेंडर आणि दोन कॅसेटी घेऊन. टेप शेजाऱ्यांचा. आम्ही प्राथमिक शाळेत होतो. तोवर गाणे म्हणजे पुरुषांनी रात्री चौकात जाऊन ऐकायची गोष्ट होती. आई भाकरी थापता थापता, दुपारी, घरात कोणी नसताना भीमगीत ऐकते आहे, हे आम्ही त्या वर्षी पहिल्यांदा पाहिले. एक ओळ नीट कळली नाही, तर पिठाच्या हाताने ती कॅसेट मागे घ्यायला सांगायची.

पुतण्याला हे पटले नाही. “ते तुमचं लहानपण हो काका, म्हणून भारी वाटतं.” मुलाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही जुनी पत्र्याची पेटी काढली आणि पुराव्यानिशी बसलो. सदतीस कॅसेटी निघाल्या. काहींना बुरशी, दोघींची फीत गुंता झालेली. वही आखली : गायक, कवी, संगीत, कंपनी, साल. आणि मग ध्यानात आले, की साल फक्त सहा कॅसेटींवर छापलेले आहे! कागदावर गायकाचा रंगीत फोटो, कंपनीचे बोधचिन्ह, किंमत, सगळे जागच्या जागी. कवीचे नाव मात्र निम्म्यांवर नाही. तरीही काही कवी सापडले, कारण शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याची रीत त्यांनी सोडली नव्हती. वामनदादांचा ‘वामन’ असाच गाण्यातच असतो. कंपनी विसरली तरी गायकाला तो गावाच लागतो.

सालाचा रकाना भरायला शेवटी आत्याला बोलावले. तिला अक्षरओळख बेताचीच. ती गाणे ऐकायची आणि सांगायची, “ही धाकटीच्या लग्नात वाजली. ही तुझा भाऊ दहावीला बसला तेव्हाची. ही तर पाणी नव्हतं, टँकर यायचा, त्या उन्हाळ्यातली.” अशा तऱ्हेने अकरा साले लागली. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, “आम्ही जात्यावर म्हणायचो त्या कुठं लिहिल्यास?” आमच्याकडे उत्तर नव्हते. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात अशा ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आत्याच्या ओव्या मात्र जात्याबरोबर गेल्या. वहीत तिच्यासाठी एक वेगळे पान केले आहे. तीन ओव्या आठवल्या. बाकीच्या ती आठवते आहे.

वहीच्या शेवटी आम्ही एक तारीख लिहिली, ती गाणे निघाल्याची नाही. १६ मे २०१५. आपल्याच जिल्ह्यातील शिर्डी. नातेवाइकांच्या लग्नाला आलेला, नर्सिंग शिकणारा एक तरुण मित्रांबरोबर बसला होता. त्याच्या मोबाइलची रिंगटोन भीमगीताची होती. ती वाजली, त्यावरून काही जणांशी वाद झाला आणि त्याची हत्या झाली, अशी ती फिर्याद. आधीच्या दोन वर्षांत याच जिल्ह्यात सोनई आणि खर्डा झाले होते. १९९१ मध्ये जे गाणे घरात आले, ते २०१५ मध्ये खिशात होते.

त्या मे महिन्यात आम्ही काय केले, तेही सांगितले पाहिजे. थोरल्या पुतण्याला कामासाठी राहत्याकडे जायचे होते. भाषणे ठोकणारे, मोर्चात पुढे चालणारे आम्ही त्याला एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो आणि हळूच म्हणालो, “फोन सायलेंटवर ठेव.” तो काही बोलला नाही. नुसते आमच्याकडे पाहिले.

वही पुरी झाल्यावर ती विहारात नेली. बाबांनी १९५६ सोडले नाही, गुरुजींनी नामांतर सोडले नाही. आमच्या १९९१ ला आत्याचे एक मत मिळाले, तेही धाकटीच्या लग्नामुळे. धाकटा पुतण्या रिकामे रकाने मोजत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भीमगीतच होते. त्याने ते पहिले कडवे संपेपर्यंत वाजू दिले, मग उचलला.